सोलर बॅटरी: अख्ख्या घरासाठी की गरजेपुरती?

रात्रपाळी:
बरीच वर्षं सोलरची कामं करतोय, म्हणून मत मांडतो. छतावर पॅनल कितीही असोत, बॅटरी रात्रीच्या गरजेपुरतीच घ्यावी. अख्खं घर बॅटरीवर चालवायचा हट्ट धरू नये.

मागच्या महिन्यात एका घरी गेलो होतो. 15 किलोवॉट-तासांची, म्हणजे 15 युनिटची, बॅटरी भिंतीला लावलेली. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर रोजचे पहाटेचे आकडे काढून पाहिले, तर एकदाही 70 टक्क्यांच्या खाली उतरलेली नाही. विचारलं, लोड मोजला होता का? उत्तर आलं, पॅनल 5 किलोवॉटची आहेत म्हणून विकणाऱ्याने 15 सांगितली. हा काय हिशेब झाला? बॅटरी वापरली नाही तरी वयानं झिजतेच, आणि लिथियम तर भरलेल्या अवस्थेत पडून राहिली की जास्तच.

साध्या घरातली रात्र धरा. 70 वॉटचे तीन पंखे आठ तास, 1.7 युनिट. फ्रिज साधारण अर्ध्या युनिटच्या वर. दिवे, राउटर मिळून 0.3. सगळं मिळून 2.6 युनिट होतात. 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या एका लिथियम पेटीत 5.12 युनिट मावतात. 80 टक्केच वापरायची म्हटलं तरी 4 युनिट हातात राहतात. मग तीन पेट्या कशाला?

उशाशी_विजेरी:
दादा, तुमचा हिशेब चांगल्या दिवसाचा आहे. आमच्याकडे वडील ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन) आहेत. 5 लिटरचं मशीन, साडेतीनशे वॉट खातं, तेही रात्रभर. दहा तासांत साडेतीन युनिट त्या एकट्यालाच लागतात. एकदा दिवसभर ढग होते, पॅनलमधून जेमतेम काही आलं आणि संध्याकाळी वीज गेली. बॅटरी 40 टक्क्यांवर. मी रात्रभर तो आकडा बघत बसले होते. 22 वर आला तेव्हा पंखे बंद केले, 15 वर आला तेव्हा फ्रिजसुद्धा. तुमच्या लेखी जी बॅटरी नुसती पडून असते, ती आमच्यासाठी दुसऱ्या रात्रीची सोय असते. मी मोठीच घेणार.

रात्रपाळी:
ताई, तुमच्या घरी दोन रात्रींची बॅटरी हवी, यात दुमत नाही. साधी रात्र धरताना मी आजारपण धरलं नव्हतं, ती माझी चूक. पण मोठी घेतलीत तरी तिच्यावर गिझर आणि एसी टाकू नका. बॅकअपचा डीबी (वीज वाटणारा स्विचचा बोर्ड) वेगळा करून घ्या. कॉन्सन्ट्रेटर, एक पंखा, फ्रिज, दिवे एवढंच त्यावर. नाहीतर कोणी अंधारात सवयीनं गिझर लावेल आणि 2 किलोवॉटनं तुमची दुसरी रात्र तासा-दोन तासांत संपेल. आणि कॉन्सन्ट्रेटरसाठी भरलेला सिलिंडर जवळ असू द्याच. इन्व्हर्टर बिघडला तर बॅटरी भरलेली असूनही उपयोग नसतो.

पाणी_घातलं_का:
सगळे लिथियमच धरून चाललेत. शिशाच्या प्लेटांच्या लेड-ॲसिड बॅटरीचा शोध 1859 चा, आजही जगभर चालते. कुठलाही मेकॅनिक उघडून बघू शकतो, आणि जुनी झाली की शिसं वितळवून पुन्हा वापरात येतं. लिथियमची पेटी बिघडली की बीएमएसचं (पेटीतल्या सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचं) कार्ड मिळेपर्यंत बसा हात चोळत.

तारजोडणी:
दुरुस्तीचं म्हणणं मान्य. पण सोलरवर लेड-ॲसिड मरते कशानं ते बघा. शेवटचे 20 टक्के ती फार सावकाश भरते, त्याला काही तास लागतात. हिवाळ्यातल्या छोट्या दिवसात ते तास मिळतच नाहीत. अर्धवट भरलेली रोज राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि क्षमता जाते. लिथियम आयर्न फॉस्फेटला, म्हणजे घरच्या सोलरला लावतात त्या लिथियमच्या प्रकाराला, अर्धवट भरलेलं राहण्याचा त्रास नाही. शिवाय 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तास म्हणजे कागदावर 1.8 युनिट, पण आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची. उरलं 0.9. किंमत त्या 0.9 ला भागून बघा, मग स्वस्त काय ते ठरवा.

पाणी_घातलं_का:
जिथे वीज महिन्यातून दोनदा जाते आणि एरवी ग्रिडवर ती पूर्ण भरते, तिथे मी अजूनही लेड-ॲसिडच घेईन. रोज भरून रोज वापरायची असेल तर तुमचं बरोबर.

कॉम्प्रेसर:
घराचा हिशेब धंद्याला लावू नका, एवढंच सांगायला आलो. आमचं वर्कशॉप दिवसा चालतं, रात्रीचा लोड जवळपास शून्य. रात्रपाळींच्या नियमानं आम्हाला बॅटरी नकोच! प्रत्यक्षात आमचं बिल फुगतं ते कमाल मागणीमुळे, म्हणजे महिन्यात एका वेळी ओढलेल्या सर्वांत जास्त किलोवॉटमुळे. तीन मशीन एकदम सुरू झाली की वीस मिनिटांचा उंचवटा येतो आणि महिनाभराचा डिमांड चार्ज त्यावर ठरतो. तेवढा उंचवटा बॅटरीनं उचलला की काम झालं. तिथे युनिट थोडी लागतात, किलोवॉट भरपूर. पेटी अर्ध्या सी-रेटची (तासाला क्षमतेच्या निम्मीच वीज देणारी) निघाली तर 10 युनिटच्या बॅटरीतून 5 किलोवॉटच मिळतात. आम्ही हे न बघता घेतली. वर 5 एचपीचा कॉम्प्रेसर सुरू होताना सहापट करंट ओढतो, इन्व्हर्टर दर वेळी ट्रिप. शेवटी व्हीएफडी (मोटर हळूहळू वेगात आणणारं यंत्र) बसवल्यावर थांबलं.

रात्रपाळी:
हे पटलं. धंद्यासाठी माझा नियम मागे घेतो. आधी मीटरवरचा दर पंधरा मिनिटांच्या वापराचा आलेख बघावा.

नवीन_छत:
माझ्याकडे पॅनल आहेत, बॅटरी नाही. वीज गेली की भर उन्हात सोलरही बंद पडतं. बॅटरी नुसती जोडली की चालेल ना? जिन्याखाली जागा आहे.

तारजोडणी:
नुसती जोडून नाही चालणार. ग्रिड गेल्यावर बंद होणं हा बिघाड नाही. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला उलटा करंट लागू नये म्हणून ग्रिड-टाय इन्व्हर्टर (ग्रिडला जोडून चालणारा, तुमच्याकडे आहे तो) मुद्दाम थांबतो. तुम्हाला पॅनल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागेल किंवा जुना ठेवून घराच्या वायरिंगच्या (एसी करंटच्या) बाजूनं वेगळा बॅटरी इन्व्हर्टर. जुना चांगला असेल तर दुसरा मार्ग, पण दोघांचं जुळतं का ते लेखी घ्या. आणि जिन्याखाली अजिबात नको. लिथियम फॉस्फेटची बॅटरी लवकर भडकत नाही हे खरं, पण सेल तापून धूर झालाच तर तो ज्वलनशील आणि विषारी असतो, आणि घरातले सगळे त्याच जिन्यानं बाहेर पडणार. बाहेरची, सावलीतली भिंत शोधा.

उशाशी_विजेरी:
आमचीही जिन्याखालीच आहे. नवी येईल तेव्हा दोन्ही मागच्या भिंतीला हलवते. डीबी वेगळा करायला उद्या वायरमन येतोय. बॅटरी मात्र दोन रात्रींचीच.