मदत हवी आहे : अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासाठी कोणती तिथी?

डिसेंबरात एका दिवसाचं निवांत अलिबाग ठरतंय. गेटवे-मांडवा बोट, मग बस, कान्होजी आंग्र्यांची समाधी, बाहेरून हिराकोट किल्ला आणि ओहोटीत चालत कुलाबा.

तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढली, त्यात सव्वासहा तास मिळवले. अष्टमीला ओहोटी सव्वाबाराला, म्हणजे सोयीची. पण तेव्हा भांग (भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचा काळ) असतो, पाणी पुरतं हटत नाही. द्वादशीला ती सव्वातीनला येते.

द्वादशीला वाट गुडघ्याखाली उतरते का? ओहोटीनंतर किती वेळात परतावं? किल्ल्यातलं सिद्धिविनायक मंदिर, गोड्या पाण्याचं तळं आणि तटावरच्या चाकांच्या तोफा घाई न करता बघायच्या आहेत. सोबत सत्तरीचे आजोबा आहेत. घोडागाडी तेव्हा थेट दरवाज्यापर्यंत जाते का?