प्रति: पालिकेचं गोल्फ मैदान, तोटा आणि जमिनीचा वापर

पालिकेचं गोल्फ मैदान तोट्यात आहे, तर ‘तोटा भरायला मैदानाची एक कड निवासी करून विकू’ अशी सूचना इथे आली आहे. ती इंदूरात वाटते तितकी सोपी नाही. शहराच्या मास्टर प्लॅनमध्ये जमीन ‘आमोद-प्रमोद’ (मनोरंजन, खेळ) वापराची असेल तर महापालिकेचा ठराव ही नुसती शिफारस. वापर बदलतं राज्य सरकार, मध्य प्रदेशच्या 1973च्या नगर तथा ग्राम निवेश (नगररचना) अधिनियमाच्या कलम 23-क खाली. वर्तमानपत्रात सूचना आली की हरकतीला 15 दिवस. हरकतीत खसरा क्रमांक (जमिनीचा सर्व्हे नंबर), क्षेत्रफळ, जुना-नवा वापर लिहा. नुसत्या ‘आमचा विरोध आहे’ला कोणी विचारत नाही.

शिवाय विक्रीचा पैसा एकदाच येणार, तोटा दरवर्षीचा. त्यात पाण्याचा खर्च मोठा. उन्हाळ्यात रोज 5 मिमी धरलं तरी हेक्टरी 50,000 लिटर, म्हणजे 12 हेक्टर हिरवळीला 6 लाख. नर्मदाकाठच्या जलूदहून उपसून शहरात आणलेलं पाणी यावर ओतायचं? एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं) घ्या, पण आधी क्षार तपासा. नाहीतर ग्रीनवरचं, म्हणजे चेंडू टाकायच्या खड्ड्याभोवतीचं, बारीक गवत करपतं, आणि खेळणारे फिरकत नाहीत.

लॉन लग्नाला देऊन आलेलं भाडं मात्र ग्रीन फीच्या (खेळायच्या शुल्काच्या) खात्यात मिसळू नका. ताळेबंद गोंडस दिसतो, इतकंच.