मदत हवी आहे: महिन्याची यादी देणारी गिऱ्हाइकं परत कशी आणावीत?

साताऱ्यात आमचं किराणा दुकान आहे. सहा महिन्यांपूर्वी जवळच मोठं मार्ट सुरू झालं. महिन्याची यादी देणारी ६० घरं होती, आता २५ उरलीत. तेल, साखर, साबणाच्या भावात मी मार्टला पुरा पडणार नाही, त्यामुळे भाव कमी करा असं कृपया सुचवू नका.

घरपोच आधीपासून फुकट आहे, उधारीही चालते. व्हॉट्सॲप बिझनेसवर ब्रॉडकास्ट लिस्ट केली. पण आपला नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, आणि बऱ्याच जणांनी केलेलाच नाही. दुकानात मी आणि एक मुलगा, वेगळ्या ॲपचा खर्च झेपणार नाही.

जी घरं टिकलीत ती ओळखीवर. एक आजी फोनवर फक्त "नेहमीचं पाठव" म्हणतात. भाजणीचं सामान मी मोजून भरतो, शेजारच्या गिरणीतून जाडसर दळून घेतो आणि संध्याकाळी पोचवतो. हे मार्टला जमणार नाही, याची मला खात्री आहे.

तुटलेल्या ३५ घरांना स्वतः फोन करावा, की सणाच्या आधी घरी जाऊन भेटावं? आणि गयावया न वाटता नेमकं काय बोलावं? तुमच्यापैकी कुणी हे केलं असेल, तर किती घरं परत आली?