ग्रामप्रियाच्या तलंगा परड्यात कधीपासून सोडाव्यात?

प्रश्न:
चिपळूणजवळ घर, मागे चार गुंठे परडं, भोवती दगडी गडगा. ग्रामप्रिया या सुधारित जातीच्या 10 तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि 1 कोंबडा कालच आणलाय. वय 3 महिने. दिवसभर मोकळ्या सोडल्या तर सांजेला आपणहून खुराड्यात येतील का? मुंगसं बरीच आहेत.

प्रतिसाद १:
येतील, पण आधी 8-10 दिवस खुराड्यातच ठेवा. खाणं, पाणी, झोप तिथेच झाली की ती जागा त्यांना आपली वाटते. मग पहिल्यांदा सोडाल ते सूर्यास्ताआधी तासभर, दुपारचं खाद्य न देता. भुकेली कोंबडी लांब जात नाही. रोज एकाच डब्यात तांदूळ खुळखुळवून बोलवा आणि दाणा आतच टाका. दर दोन दिवसांनी तासभर वाढवा. एखादी पेरूवर जाऊन बसली तर अंधार पडल्यावर अलगद उचलून आत ठेवा. दोन-तीन रात्री दुर्लक्ष केलंत तर तिला तीच सवय लागते.

प्रतिसाद २:
मुंगूस दिवसाच हिंडतं, त्यामुळे रात्री दार लावून तेवढ्यावर भागत नाही. गडग्यातली भोकं हे त्याचं घर. खुराडं तिथून दूर हलवा, जवळची भोकं दगड-मातीने बुजवा, भोवतालचं गवत कापून टाका. घारीपासून लपायला मात्र थोडा आडोसा हवा, जास्वंदीची दोन-चार झुडपं राहू द्या. खुराड्याला षटकोनी कोंबडीजाळी नको, कुत्रा ती फाडतो. अर्धा इंची वेल्डमेश (चौकोनी भोकांची ताठ तारेची जाळी) लावा आणि कडेने फूटभर जमिनीत गाडा.

प्रश्नकर्ता:
खुराडं गडग्याला टेकूनच आहे, हलवतो. भाजीचे वाफे कसे वाचवायचे? पंख कापू का?

प्रतिसाद १:
नको. पंख कापलेल्या कोंबडीला कुत्र्यापासून उडून सुटता येत नाही. वाफ्यांनाच जाळी लावा, वरूनही. ग्रामप्रिया अंगाने हलकी, चार फूट सहज उडते.

प्रतिसाद ३:
मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झाली आहे का, हे विक्रेत्याला आजच विचारा. आठव्या आठवड्याच्या सुमाराचा डोस राहिला असेल तर मोकळं सोडण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. शेजारच्या कोंबड्यांत मिसळल्या की आजार लगेच येतो. पावसात डबक्याशी जाऊ देऊ नका आणि खुराड्यात अंथरलेला भाताचा तूस कोरडा ठेवा, ओलीत रक्ती हगवण पसरते. अंड्यावर आल्या की सकाळी दहापर्यंत आतच कोंडा, नाहीतर अंडी झुडपात घालतील. चार-पाच कोंबड्यांमागे पेंढा घातलेली एक पेटी पुरते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा.