मदत हवी आहे: सेफ्टी स्टॉपला अॅल्युमिनियम सिलिंडर वर ओढतो

बॅरिअर रीफच्या बाहेरच्या भिंतीवर ड्रिफ्ट डाइव्ह (प्रवाहासोबत वाहत करायचे स्कूबा डाइव्ह) करायचे आहेत. सिलिंडर ११.१ लिटरचा अॅल्युमिनियमचा, सूट ३ मिमीचा. सुरुवातीला २०० बारवर (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) तोल छान राहतो. ५० बारच्या आसपास, सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येताना ५ मीटरवर थोडा वेळ थांबताना मात्र कंबर आणि पाय वर जायला लागतात.

कारण माहीत आहे. १५० बार हवा वापरली की साधारण दोन किलो वजन कमी होतं, आणि रिकामा होत आलेला अॅल्युमिनियमचा सिलिंडर बुडाकडून तरंगतो. पोलादीत हा त्रास जवळपास नसतो. म्हणून भरलेल्या सिलिंडरवर केलेली वजनाची चाचणी (सोबत किती वजनं घ्यायची ते ठरवणारी) फसवी ठरते: बीसीडी (तरंगणं सांभाळायला हवा भरायचं जॅकेट) रिकामं, श्वास नेहमीचा, पाणी डोळ्यांच्या पातळीवर, हे सगळं ५० बारलाच तपासायला हवं.

प्रश्न असा, की वाढीव दोन किलो कुठे लावावेत? सिलिंडरच्या पट्ट्यावर खाली लावले तर पाय खाली राहतील, पण अडचणीत ते टाकून देता येणार नाहीत. कमरेच्या बेल्टवर घातले तर तोल सुधारेल का?

दुसरं, एसएमबी (आपली जागा वर दिसावी म्हणून दोरीला बांधून सोडायचा फुगा) किती खोलीवरून सोडता? ५ मीटरवर सोडताना लाटेसोबत रील हाताला हिसका देते, भिंतीजवळ दोरी प्रवाळात अडकायची भीती वेगळीच.

‘अजून वजन घाल’ एवढंच उत्तर कृपया नको. जादा वजन म्हणजे बीसीडीत जादा हवा, आणि १० वरून ५ मीटरवर येताना तीच हवा एक तृतीयांशाने फुगते.