सेप्टिक टँकमधले मृत्यू: कुटुंबीयांच्या तोंडून जाहिरात करायची आहे, सल्ला हवा

निशिगंध_पुणे
मंडळी, सेप्टिक टँकमध्ये उतरून गेलेल्या कामगारांच्या घरच्यांसोबत आमचा छोटा गट काम करतो. त्यांच्या बायकांच्या शब्दांत पोस्टर आणि अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ करायचेत. लावायचे सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये, नोटीस बोर्डावर, व्हॉट्सअ‍ॅपवर. बजेट बेताचं. डिझायनर मित्राच्या नमुन्यात काळी पार्श्वभूमी, रडणारा चेहरा आणि 'कधी थांबणार हे मृत्यू?' असं आहे. मला ते खटकतंय, पण का ते त्याला सांगता येत नाहीये. दोघीजणी बोलायला तयार आहेत, त्यातल्या एकीला चेहरा दाखवायचा नाही.

कॉपीवाला
तो प्रश्न कोणालाच विचारलेला नाही, म्हणून खटकतोय. तुमचा वाचक म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी. तो चुकचुकेल आणि टाकी भरली की नेहमीच्याच टँकरवाल्याला फोन लावेल.
ताईंना 'कसं वाटलं' विचारूच नका. 'त्या दिवशी काय झालं' विचारा. बोलावणं कोणाचं आलं? पैसे किती ठरले? दोरी, मास्क होता का? पहिला वर येईना तेव्हा त्याला काढायला कोण उतरलं? (बऱ्याचदा दुसरा तसाच जातो.) यातलं एखादं वाक्य मोठ्या अक्षरांत घ्या, बाकी कोरं सोडा. काटछाट करा, पण तिच्या तोंडी आपला शब्द घालू नका. 'न्याय', 'संघर्ष' ती म्हणाली नसेल तर पोस्टरवरही नको. जातीचा मुद्दा मात्र मी टाळेन, सोसायटीवाले तिथेच वाचणं थांबवतात.

टिंबटिंब
शेवटच्या वाक्याशी साफ असहमत. या कामाला कोणाला पाठवतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती स्वतः बोलली असेल, तर वाचकाच्या सोयीसाठी ते कापायचा अधिकार आपल्याला नाही.
चेहरा नको असेल तर काळी सावली करू नका, त्यात बाई आरोपी वाटते. त्यापेक्षा सोसायटीच्या आवारातल्या चेंबरच्या झाकणाचा साधा फोटो आणि खाली तिचं वाक्य. असं झाकण सेक्रेटरीच्याही पार्किंगमध्ये असतं. व्हिडिओत आवाज दुसऱ्या कोणाचा असेल तर तसं लिहा. घरात शूट केलंत तर दारावरची पाटी, मुलांचा युनिफॉर्म तपासा, ओळख त्यावरूनच फुटते. एआयने बनवलेला चेहरा तर नकोच. कोलंबियातल्या आंदोलनाची अशी चित्रं वापरल्यावर २०२३ मध्ये अ‍ॅम्नेस्टी या मानवाधिकार संस्थेवर टीका झाली आणि ती काढावी लागली.

काळाकोट
नुकसानभरपाईची केस चालू आहे का? असेल तर मजकूर आधी त्यांच्या वकिलांना दाखवा. वेळ किंवा रक्कम एफआयआरपेक्षा वेगळी निघाली तर समोरचा पक्ष तेवढंच धरून बसतो. कंत्राटदाराचं आणि सोसायटीचं नाव नको.
संमती लेखी, मराठीत, मोठ्याने वाचून दाखवून घ्या. कुठे लावणार, किती दिवस, नको वाटलं तर कोणाला सांगायचं, सगळं त्यात हवं. पोस्टर उतरवता येतं, व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेलं परत येत नाही, हे त्यांना सही करण्याआधी सांगा.
कायदा खाली बारीक अक्षरांत पुरे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला माणूस लावायला बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गटारातल्या मृत्यूची भरपाई सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाखांवर नेली.

माजी_सेक्रेटरी
कमिटीच्या मीटिंगमध्ये चर्चा होते ती रेटची. त्यामुळे 'काय करू नका'सोबत 'काय करा' लिहा. म्हणजे 'टँकरवाल्याला आधी विचारा: माणूस आत उतरणार का? हो म्हणाला तर दुसरा बघा.' सोबत सेप्टिक टँक सफाईसाठीची १४४२० ही हेल्पलाइन द्या, छापण्याआधी तुमच्या शहरातून लावून बघा. दुसरं, 'वास येत नाही म्हणजे गॅस नाही' हा समज फार पक्का आहे. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस जास्त असला की नाकाला वास कळेनासा होतो. त्यावर वेगळं पोस्टर करा.

निशिगंध_पुणे
सगळ्यांचे आभार. झाकणाचा फोटो नक्की. जातीचं त्या दोघींनाच विचारते. मानधनाचं काय करावं? दिलं तर 'पैसे घेऊन बोलली' म्हणतील.

काळाकोट
बुडालेला रोज आणि प्रवासखर्च द्या, तोही रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी. जाहिरात वापरली नाही तरी परत मागणार नाही, असं पावतीवर लिहा.