बाबांचा पोलिओचा पाय, गुडघा उभ्या उभ्या मोडतोय, कॅलिपर लॉकवालं घ्यावं की बिनलॉकचं?

खानापूरवाला

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, नंदगडच्या बाजूला गाव. बाबांचं वय ५८, दीड वर्षाचे असताना पोलिओ झालेला, डावा पाय. शाळेत असताना लोखंडी सळ्यांचं कॅलिपर आणि चामड्याचा बूट होता, दहावीनंतर काढलं ते काढलंच. तेव्हापासून डावा हात मांडीवर दाबून चालतात, आम्ही पोरांनी त्यांना तसंच बघितलंय म्हणून त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलंच नाही. किराणा दुकान आहे, गादीवर बसणं उठणं, पोती सरकवणं सगळं करायचे.

खरं गेल्या दोन वर्षांत तीनदा पडले. घसरून नव्हे, उभ्या उभ्या गुडघाच मोडतोय, मागनं कुणी लाथ मारल्यासारखा. गणपतीच्या आधी दुकानाच्या पायरीवर पडले आणि उजवं मनगट फ्रॅक्चर. प्लास्टर आता निघालंय. मेडिकलमधली नी कॅप लावून झाली, ऑनलाइन मागवलेला बिजागरीवाला पट्टा पण झाला, तो चार पावलांत घोट्यापर्यंत घसरतो कारण मांडीच बारीक आहे. डॉक्टर म्हणाले कॅलिपर करून घ्या. करणाऱ्याकडे गेलो तर तो म्हणतो लॉकवालं करू की बिनलॉकचं ते तुम्ही सांगा, आता आम्हाला काय कळतंय त्यातलं? बाबा म्हणतात लॉक लावला की पाय लाकूड होतो, मला नको. वापरणारं कोण असेल तर सांगा की, लई काळजी लागलीय.

निपाणीचा मास्तर

वाचून माझंच आठवलं. मी ५४, उजवा पाय. मी पण कॉलेजात असताना कॅलिपर सोडलेलं, लोक बघतात म्हणून लाज वाटायची. चाळिशीत दोनदा पडलो आणि दुसऱ्या वेळी मांडीचं हाड मोडलं. पोलिओच्या पायावर आयुष्यभर पुरता भार पडलेला नसतोय त्यामुळं हाड आतनं विरळ असतंय, साध्या पडण्यानंही मोडतंय. तुमचे बाबा मनगटावर सुटले, पुढच्या वेळेची वाट बघू नका.

मी गेली १३ वर्षं लॉकवालंच वापरतोय, म्हणजे गुडघ्याची बिजागरी कड्यांनी ताठ अडकवायचं. सवय अशी झालीय, उठायचं, पाय ताठ करायचा, पँटवरनंच दोन्ही बाजूच्या कड्या खाली सारायच्या, टक् टक् असे दोन आवाज आले की मगच पहिलं पाऊल. एकच आवाज आला तर थांबायचं, हलायचं नाही. बसताना आधी पोटरीला खुर्ची लागते का बघायची, मग कड्या वर ओढायच्या. त्या कड्यांच्या जागी पँटला घासून भोक पडतंय, बायको आतनं जाड कापडाचा तुकडा शिवून देते. आणि हो, पाय लाकडासारखा होतोय हे खरंच आहे, बाबांचं चुकत नाही. खरं त्या लाकडावर मी दोन्ही हात मोकळे ठेवून फळ्यावर लिहीत उभा राहतो. मांडीवर हात ठेवून चालायचो तेव्हा एक हात कायमचा गेलेला असायचा, पिशवी धरायची तर दुसऱ्या हातात, छत्री धरायची तर पिशवी सोडायची.

टिळकवाडी९०

आता कॉम्प्युटरवाले ब्रेस आलेत ना? गुडघ्यात सेन्सर असतो, पाय टेकला की धरतो आणि उचलला की सोडतो. जुनं लोखंड कशाला वापरायचं मग?

पाय_पट्टा

मी ऑर्थोटिस्ट आहे, कॅलिपर बनवायचंच काम करतो, बेळगाव हुबळी भागात बरीच वर्षं. लॉक की बिनलॉक हे पेशंटला विचारायचं नसतं, ते पाय तपासून ठरवायचं असतं, तुम्हाला तसं विचारलं हे मला बरोबर वाटलं नाही.

आधी गुडघा का मोडतो ते बघा. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू गुडघा ताठ धरतो. तो दुबळा असला की शरीराचा भार गुडघ्याच्या मागनं गेला रे गेला की गुडघा घडी होतो. हात मांडीवर दाबणं म्हणजे बाबांनी स्वतःच शोधलेलं कॅलिपर आहे, हातानं मांडी मागं ढकलून गुडघा ताठ ठेवतात. इतकी वर्षं चाललं आणि आताच पडायला लागले ह्याचं कारण नुसतं वय नव्हे. पोलिओत ज्या नसा वाचल्या त्यांनी नवे फाटे फोडून मेलेल्या नसांचं काम पण अंगावर घेतलेलं असतं, ३०-४० वर्षांनी ते फाटे थकून गळायला लागतात. ह्याला पोस्ट पोलिओ म्हणतात. म्हणून एकदा न्यूरोलॉजिस्टला दाखवून घ्या, कमरेचा मणका वगैरे दुसरं काही नाही ना हे कळलं पाहिजे. आणि कुणी म्हटलं म्हणून व्यायाम करकरून पाय दमवू नका, पोस्ट पोलिओत त्यानं ताकद उलट उतरते.

आता प्रकार. नी कॅप आणि दुकानातला पट्टा ह्या कामाचे नव्हेत, मोडणारा गुडघा धरायला मांडीपासून तळव्यापर्यंत आधार लागतो. बिनलॉकच्या कॅलिपरमध्ये बिजागरी पायाच्या रेषेच्या जरा मागं बसवलेली असते, भार पडला की ती आपोआप ताठ राहते आणि पाय उचलला की गुडघा वाकतो. चालायला छान, खरं गुडघा पूर्ण सरळ होत असेल आणि कमरेत ताकद असेल तरच. उतारावर, शेताच्या बांधावर, आपल्याकडच्या पावसातल्या लाल चिखलात त्याचा भरवसा कमी. आपोआप धरणारे सोडणारे सांधे पण आहेत, टिळकवाडी म्हणतायत ते सेन्सरवालं त्यातलंच पुढचं, जर्मनीच्या ओटोबॉक कंपनीचं सी-ब्रेस. चीज चांगली आहे, खरं किंमत लई, चार्जिंग लागतं आणि त्यालाही पाय स्वतः पुढं टाकण्याइतकी कमरेची ताकद लागते.

घरीच दोन गोष्टी बघा आणि इथं सांगा. बाबांना कडक बाजल्यावर, उशी न घेता उताणं झोपवा. डाव्या गुडघ्याच्या खाली तुमचा हात जातो का? मग त्यांना उजवा गुडघा छातीशी धरायला सांगा, तसं केल्यावर डावी मांडी बाजल्यावरनं वर उचलली जाते का? उचलली तर कमरेचा सांधाही आखडलाय असं समजा.

शहापूरची वहिनी

आमच्या ह्यांना सहा वर्षांमागं जीबी सिंड्रोम झाला, नसांना बाधा होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार, पाय परत यायला दोन वर्षं गेली, तेव्हा दोन्ही पायांना कॅलिपर होतं. माझं एकच सांगणं, माप घ्यायची घाई करू देऊ नका. आम्ही पहिलं एका कॅम्पात घेतलं. उभ्या उभ्या टेपनं माप घेतलं, महिन्यानं कॅलिपर दिलं आणि घातलंय का नीट हे बघायला कुणी नाही. बिजागरी खऱ्या गुडघ्याच्या दोन बोटं खाली होती. बसलं की पट्टा मांडीत रुतायचा आणि सगळं कॅलिपर खाली सरकायचं. आठवड्यात ते माळ्यावर गेलं. मी तेव्हा ह्यांनाच बोलले, तुम्ही प्रयत्नच करत नाही म्हणून. आजही ते आठवलं की वाईट वाटतंय, दोष त्यांचा नव्हताच.

दुसऱ्या ठिकाणी केलं तिथं प्लास्टरचा साचा घेतला आणि चार वेळा बोलावून घासून तासून दिलं. रोज संध्याकाळी काढल्यावर मी कातडी बघायची, विशेष करून गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला जे हाड हाताला लागतंय तिथं. लाल वळ अर्ध्या तासात गेला तर ठीक, नाही गेला तर दुसऱ्या दिवशी घालायचं नाही, आधी दाखवायचं. आतनं लांब सुती मोजा पाहिजेच, आपल्याकडं घाम किती येतोय ते माहिती आहेच. आणि पहिल्या दिवशी तासभरच, मग हळूहळू वाढवायचं.

खानापूरवाला

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री बाजल्यावर बघितलं. गुडघ्याखाली माझा पूर्ण हात सहज जातो, खाली दाबलं तरी टेकत नाही. उजवा गुडघा छातीशी धरल्यावर डावी मांडी थोडीशी उचलली जाते, लई नाही. झोपून पाय थोडा वर उचलतात, धरून ठेवता येत नाही. आई म्हणाली हे तर मी लग्नापासून बघतेय, ह्यांचा पाय कधी सरळ टेकतच नाही.

पाय_पट्टा

मग बिनलॉकचं डोक्यातनं काढा. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर ती मागची बिजागरी भार घेऊन ताठ राहूच शकत नाही, पहिल्याच उतारावर पडतील. सेन्सरवाल्याचाही विचार आत्ता नको, पाय उचलून धरता येत नाही म्हणजे कमरेची ताकद कमी पडतेय. बाबांना लॉकवालंच, खरं गुडघा जितका सरळ होतो तेवढ्याच कोनात लॉक बसवलेलं. जबरदस्तीनं ताठ केलेलं कॅलिपर दुखतं आणि माळ्यावर जातं, वहिनींनी सांगितलं तसंच. आधी फिजिओथेरपिस्टकडनं थोडं ताणून जितकं सुटतंय तितकं सोडवून घ्या, मग माप. शाळेतल्यासारखं लोखंडाचं नको, प्लास्टिकचं आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं हलकं होतं. डावा पाय आखूड असणार, त्याची उंची बुटात भरताना पूर्ण भरायची नाही, सेंटिमीटरभर कमी ठेवायची, म्हणजे ताठ पाय पुढं टाकताना जमिनीला घासत नाही. लाकडाची तक्रार निम्मी तिथंच मिटते.

कुठं करायचं, तर आधी बेळगावच्या सिव्हिलमध्ये अस्थिरोग आणि फिजिओला दाखवा. पुण्याला जायची तयारी असेल तर वानवडीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासूनचं आहे, मिलिटरीचं असलं तरी सिव्हिलियन पेशंट पण घेतात. पैशाचं म्हणाल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आहे का? ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असेल आणि उत्पन्न मर्यादेत असेल तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडीआयपी योजनेतनं कॅलिपर मिळू शकतं. तुमच्या ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू म्हणून दिव्यांगांसाठी कार्यकर्ता असतो आणि तालुका पंचायतीत एमआरडब्ल्यू, त्यांना गाठा. फॉर्म कन्नडमध्ये असतात, भरून द्यायचं काम ते करतात, न समजता सही करू नका, वाचून घ्या.

खानापूरवाला

कार्ड नाही, जुना दाखला आहे, ट्रंकेत सापडला. सोमवारी पंचायतीत जातो. बाबांना सगळं वाचून दाखवलं, दोन आवाज आले की मगच पाऊल हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग एवढंच विचारलं की दुकानात गादीवर मांडी घालून बसता येईल का, आणि जत्रेत पंगतीला?

निपाणीचा मास्तर

मांडी घालून नाही जमत, खोटं सांगणार नाही. मी पंगतीच्या कडेला बुटक्या स्टुलावर बसतो, लॉक सोडून. दुकानात गादी काढून उंच खुर्ची करा, काउंटर त्याप्रमाणं वर घ्या. तसं केलं की उठताना भार हातावर येतोय, गुडघ्यावर नव्हे. आणि माप घ्यायला जाण्याआधी त्यांचे दोन्ही पंजे कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखून बघा. डावा पंजा लहान असेल तर दोन वेगवेगळ्या नंबरचे दोन जोड घ्यावे लागतात, मी बत्तीस वर्षं एका मोठ्या बुटात कापूस कोंबून काढली. त्यांना आत्ताच योग्य नंबरचा बूट घेऊन द्या, कॅलिपर त्या बुटासकटच बसवायला न्या.